लाळ्या-खुरकूत : जगलेल्या जनावरांचा हिशेब

साथ येऊन गेलेल्या गावात आम्ही रक्ताचे नमुने घ्यायला जातो तेव्हा आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. नुकसान किती झाले? बहुतेक ठिकाणी उत्तरही ठरलेले असते. "काही नाही साहेब. एक वासरू गेलं, बाकी सगळी उठली. देवाची कृपा." हे सांगणाऱ्याच्या मागेच गोठ्यात गाय उभी असते. तिने एक पाय किंचित उचलून धरलेला असतो, अंगावरचे केस राठ झालेले असतात, आणि सकाळचे सारे दूध एका लहान चरवीत मावलेले असते.

हे उत्तर खोटे नसते. शेतकरी जे मोजतो ते बरोबरच मोजतो. जनावरांच्या रोगाचे नुकसान म्हणजे मेलेली जनावरे, हे समीकरण आपल्या सर्वांच्याच मनात पक्के बसलेले आहे. साथीच्या नोंदींतही 'बाधित' किती आणि 'मृत' किती हेच आकडे आधी पाहिले जातात. लाळ्या-खुरकूत हा रोग मात्र या समीकरणाला पुरता चकवतो. या रोगाने मोठी जनावरे फारशी मरत नाहीत. सर्वसाधारणपणे शंभरात पाचसुद्धा नाहीत. असे असूनही भारतातील पशुपालकांना सर्वांत महाग पडणाऱ्या रोगांत त्याची गणना होते. हे कसे, ते समजून घ्यायचे तर आधी रोग शरीरात काय करतो ते पाहावे लागेल.

रोग करतो काय?

हा रोग विषाणूंमुळे होतो, आणि विषाणूशास्त्राच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. १८९८ मध्ये फ्रीडरिश लोफ्लर आणि पाउल फ्रोश या जर्मन शास्त्रज्ञांनी आजारी जनावरांच्या फोडांतील द्रव, जिवाणू अडकून राहतील इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला. गाळून आलेला द्रव निरोगी जनावरांना टोचला तर तीही आजारी पडली. म्हणजे रोगाचे कारण जिवाणूहून सूक्ष्म होते. प्राण्यांमध्ये रोग निर्माण करणारा विषाणू प्रथम सापडला तो हाच. त्याचे सात प्रकार ज्ञात आहेत. भारतात आज 'ओ', 'ए' आणि 'एशिया-१' हे तीन प्रकार आढळतात. एका प्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराला रोखत नाही, हे पुढे उपयोगी पडेल म्हणून येथेच नोंदवून ठेवू.

खुरे दुभंगलेल्या प्राण्यांनाच हा रोग होतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि डुक्कर ही त्यातली पाळीव जनावरे. घोड्याला तो होत नाही. प्रथम सडकून ताप येतो. मग जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यात आणि सडांवर पाण्याने भरलेले फोड येतात. ते फुटले की जिभेची साल अक्षरशः सोलून निघते. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, जनावर मिटक्या मारते, भूक असूनही कडब्याचे एक चिपाडही त्याला चावता येत नाही. हे झाले 'लाळ्या'. खुरांच्या बेचक्यातील जखमा चिघळतात, त्यांत अळ्या पडतात, क्वचित खुराचे टरफलच सुटून येते. हे झाले 'खुरकूत'. लोकांनी दिलेल्या नावात दोन्ही लक्षणे आली. तिसरे राहिले, आणि पैशाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे.

सडांवर फोड आलेली गाय हात लावू देत नाही. धार नीट निघाली नाही की दूध कासेत साचून राहते. साचलेल्या दुधात जिवाणूंची वाढ झपाट्याने होते आणि कासदाह, म्हणजे आपल्याकडे 'दगडी' म्हणतात तो रोग, मागोमाग येतो. दूध तयार करणाऱ्या पेशी एकदा नष्ट झाल्या की त्या जागी चामट ऊती तयार होते आणि त्या वेतात तरी तो सड पूर्वीसारखा भरत नाही. तापामुळे गाभण गाय गाभडू शकते. न गाभडलेली गाय अशक्तपणामुळे वेळेवर माजावर येत नाही, आली तरी उलटते. काही जनावरांना तर बरे झाल्यावर महिनोन्‌महिने ऊन सोसत नाही; त्यांना धाप लागते आणि अंगावर लांब, राठ केस वाढतात. अंतःस्रावी ग्रंथींच्या कामात बिघाड झाल्यामुळे असे होते असे मानले जाते. लहान वासरांचे मात्र निराळे. त्यांच्यात विषाणू हृदयाच्या स्नायूवरच हल्ला करतो आणि अंगावर एकही फोड न येता वासरू उभ्याउभ्या कोसळते. शवविच्छेदनात हृदयावर वाघाच्या अंगासारखे पट्टे दिसतात. गावाच्या हिशेबात नोंदले जाते ते हे वासरू.

एका गाईचा हिशेब

आता वही-पेन्सिल घेऊन बसू. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. शिक्षकांनी ते बदलून आपल्या गावचे दर घालावेत. रीत तीच राहील.

समजा, एका संकरित गाईला विऊन दोन महिने झाले आहेत. ती रोज १२ लिटर दूध देते आणि दुधाला लिटरमागे ३० रुपये मिळतात. एक वेत ३०५ दिवसांचे धरू. गाय आजारी पडली. पहिले पंधरा दिवस ती सरासरी ३ लिटरच दूध देते. तूट रोजची ९ लिटर, म्हणजे १३५ लिटर. पुढचे ४५ दिवस ती सावरत असते आणि सरासरी ८ लिटर देते. तूट १८० लिटर. त्यानंतर गाय 'बरी' झालेली असते. वेताचे १८५ दिवस उरलेले असतात. या काळात दूध तसेही उतरत जाते; निरोगी गाईने सरासरी ९ लिटर दिले असते, ही साडेसात देते. रोजची तूट दीडच लिटर, पण १८५ दिवसांत ती २७७ लिटरवर जाते. एकूण तूट ५९० लिटर धरू. त्याचे १७,७०० रुपये होतात.

या तीन टप्प्यांकडे नीट पाहावे. ज्या पंधरवड्यात शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळालेले असते, त्यातली तूट एकूण तुटीच्या पाव हिश्श्याहूनही कमी आहे. सर्वांत मोठी तूट गाय बरी झाल्यानंतरची आहे. दीड लिटरची तूट कोणी रोगाच्या खाती मांडत नाही. ती उन्हाळ्याच्या, वैरणीच्या नाही तर गाईच्या वयाच्या नावावर जमा होते.

पण १७,७०० रुपये हा आकडाही जसाच्या तसा घेता येणार नाही. दूध कमी म्हणजे खुराकही कमी लागायला हवा. समजा, २०० किलो पेंड वाचली आणि पेंडीचा दर किलोला ३० रुपये आहे, तर ६,००० रुपये वजा होतील आणि निव्वळ तोटा ११,७०० रुपये उरेल. प्रत्यक्षात पुष्कळ शेतकरी, दूध परत चढेल या आशेने, खुराक कमी करीतच नाहीत. मग ही बचतही कागदावरच राहते.

आता गाभण राहण्याचा विचार करू. एरवी ही गाय तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गाभण राहिली असती. ती चार महिने उशिरा राहिली तर पुढचे वेतही चार महिने लांबते. या १२० दिवसांत गाय भाकड असते आणि दावणीला बांधून खात असते. रोजचा खर्च १०० रुपये धरला तर १२,००० रुपये झाले. औषधपाणी आणि डॉक्टरांच्या फेऱ्या मिळून २,५०० रुपये धरू. बेरीज २६,२०० रुपये. यातले दिसणारे किती? पहिल्या पंधरवड्याच्या दुधाचे ४,०५० आणि औषधांचे २,५००, असे ६,५५० रुपये. म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. आणि या गाईला नोंदवहीत 'मृत'च्या रकान्यात शून्य आहे.

या हिशेबात एक गोष्ट मुद्दाम घेतलेली नाही. आजारातून उठलेल्या गाईची बाजारातली किंमत पडते. ती का घेतली नाही असे कोणी चाणाक्ष विद्यार्थी विचारील. किंमत पडते ती गाय पुढे दूध कमी देणार, उशिरा विणार म्हणूनच. दुधाची तूट एकदा धरल्यावर किंमतीतली घट पुन्हा धरली तर एकच नुकसान दोनदा मोजले जाईल. शेतकऱ्याने गाय लगेच विकली तर मात्र पडलेली किंमत धरायची आणि पुढची दुधाची तूट सोडून द्यायची, कारण ती आता घेणाऱ्याच्या घरी गेली.

दुसरी एक गोष्ट मात्र घ्यायला हवी होती आणि आम्हाला ती घेता आलेली नाही. आजारी जनावराला पेज पाजणे, तोंड धुणे, खुरांच्या जखमा दिवसातून दोनदा साफ करणे हे काम बहुधा घरातल्या बाईकडे येते. त्या तासांचा दर कोणी ठरवलेला नाही.

बैलाचा पाय

गाईचे नुकसान लिटरमध्ये तरी मोजता येते. बैलाचे नुकसान पंचांग पाहून मोजावे लागते. खुरकुतलेला बैल दोन-तीन आठवडे तरी औताला जुंपता येत नाही. घाईने जुंपला तर खूर कायमचे बिघडते. हे तीन आठवडे माघात आले तर फारसे काही बिघडत नाही. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला असताना आले तर शेजाऱ्याची जोडी मिळत नाही, कारण तिचीही तीच गत असते. ट्रॅक्टरसाठी रांग लागते आणि पेरणीचा हंगाम हातचा जातो. रोग तोच, दिवस तितकेच, पण नुकसान किती ते तिथीवर ठरते.

याहून बिकट अवस्था ऊसतोडीला गेलेल्या बैलाची. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे बैलगाड्या घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या परिसरात उतरतात. निरनिराळ्या गावांतली जनावरे एकाच तळावर येतात. ती एकाच हौदावर पाणी पितात, उसाचे वाढे खातात आणि ओझे घेऊन डांबरी रस्त्यावर चालतात. विषाणूला यापेक्षा सोयीची जागा दुसरी नसेल. आजारी जनावराची लाळ, दूध, शेण, श्वास, एवढेच नव्हे तर माणसांच्या चपला आणि गाडीची चाकेसुद्धा त्याला वाहून नेतात. या कुटुंबांनी हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती ऊस वाहून फेडायची असते. बैल बसला की गाडी बसते, गाडी बसली की कमाई थांबते, आणि उचल पुढल्या हंगामावर जाते. जनावरांच्या रोगाचे रूपांतर माणसाच्या कर्जात होते ते असे. एकही बैल मेलेला नसतो, त्यामुळे भरपाई मागण्यासारखेही काही नसते.

भरपाईचा मुद्दा लम्पी त्वचारोगाच्या साथीत स्पष्ट दिसला. २०२२ मध्ये महाराष्ट्रात ही साथ पसरली तेव्हा राज्य शासनाने मृत जनावरांसाठी मदत जाहीर केली. दुधाळ गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये असे दर होते. ही मदत आवश्यकच होती. पण जी गाय गाठींतून वाचली, तिचे दूध आटले आणि गाभ गेला, तिच्या मालकासाठी या यादीत रकाना नव्हता. शासनाला दोष देणे सोपे आहे. मृत जनावराचा पंचनामा करता येतो. दीड लिटरच्या तुटीचा कसा करणार?

दिसणाऱ्या मृत्यूला माणसे आणि सरकारे नेहमीच लवकर जागी होतात. बुळकांडी हा रोग गुरांचे कळपच्या कळप संपवीत असे. त्याच्याच धास्तीने इंग्रज सरकारने १८८९ मध्ये पुण्यात इंपीरिअल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन केली. पुढे ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि आजची भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था तिच्यातूनच उभी राहिली. भारतात बुळकांडीचा शेवटचा रोगी १९९५ मध्ये आढळला आणि २०११ मध्ये तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. अर्थात विषाणूनेही साथ दिली. बुळकांडीची लस एकाच प्रकाराविरुद्ध करावी लागे आणि तिने आलेली प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षे टिके. लाळ्या-खुरकुताचे प्रकार अनेक, आणि लशीचा प्रभाव सुमारे सहा महिनेच.

देशाचा हिशेब

एका गाईवरून देशाकडे जाताना आकडे फार ताणले जातात. लाळ्या-खुरकुतामुळे भारताचे वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपयांचे नुकसान होते असा अंदाज सरकारी पातळीवर सांगितला जातो. जेथे हा रोग कायम ठाण मांडून आहे अशा देशांचे मिळून नुकसान वर्षाला साडेसहा ते एकवीस अब्ज डॉलर असावे, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. खालच्या आणि वरच्या आकड्यात तिपटीहून अधिक अंतर आहे. याला निष्काळजीपणा म्हणू नये. लांबलेले वेत धरायचे की नाही, बैलाचे दिवस धरायचे की नाही, यावर आकडा बदलतो, हे आपण एका गाईच्या हिशेबात पाहिलेच.

ब्रिटनमध्ये २००१ साली हाच रोग शिरला तेव्हा हिशेब अगदी उलटा निघाला. तेथे रोग मुळात नव्हता आणि 'रोगमुक्त देश' या दर्जावर मांसाची निर्यात अवलंबून होती. तो दर्जा परत मिळवण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. त्यांतील बहुसंख्य आजारी नव्हती. एकूण फटका सुमारे आठ अब्ज पौंडांचा होता. त्याचा मोठा भाग शेतीबाहेरचा होता, कारण ग्रामीण भागातले रस्ते आणि पायवाटा बंद झाल्याने पर्यटन बसले. रोगापेक्षा रोग हटवण्याचा उपाय महाग ठरला. रोगाचा खर्च म्हणजे झालेले नुकसान अधिक ते टाळण्यासाठी केलेला खर्च, ही मांडणी ब्रिटिश कृषि-अर्थतज्ज्ञ जॉन मॅकिनर्नी यांनी १९९२ मध्येच केली होती. या दोन्हींची बेरीज सर्वांत कमी होईल तेथे थांबावे असे ते सुचवीत. भारतात सरसकट कत्तल शक्य नाही आणि ती कोणी सुचवूही नये. आपल्यापुढचा मार्ग लसीकरणाचा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा मोफत देण्याचे ठरले.

मोफत लस नको का वाटते?

असे असूनही लस टोचायला आलेल्या माणसाला पाहून काही शेतकरी जनावरे रानात हाकून देतात. हे अडाणीपणाचे लक्षण आहे असे आम्हाला पूर्वी वाटत असे. हिशेब मांडून पाहिल्यावर मत बदलले.

लस टोचल्यावर काही गाईंचे दूध एक-दोन दिवस उतरते. समजा, दोन दिवस एकेक लिटर उतरले आणि वर्षातून दोनदा लस दिली, तर तूट चार लिटर, म्हणजे १२० रुपये. दुसऱ्या बाजूला, गावात पाच वर्षांतून एकदा साथ येते आणि त्यात निम्म्या गाई आजारी पडतात असे धरू. म्हणजे एका वर्षी एखादी गाय आजारी पडण्याची शक्यता एक दशांश, आणि वर्षाचे सरासरी नुकसान २,६२० रुपये. लशीने ही शक्यता निम्मी झाली असे धरले तरी १,३१० रुपये वाचतात. १२० विरुद्ध १,३१०. गणित सरळ आहे. पण १२० रुपये लस टोचलेल्या दिवशी, डोळ्यांदेखत जातात. आणि १,३१० रुपये कोणत्याच वर्षी हातात पडत नाहीत. चार वर्षे काहीच होत नाही. सरासरी ही गोठ्यात दिसणारी वस्तू नव्हे.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी येथे एक पायरी पुढे जावे. लस तोट्याची ठरण्यासाठी आजारी पडण्याची शक्यता किती कमी व्हावी लागेल? या आकड्यांनुसार ती वर्षाला जवळजवळ शंभरात एकाच्याही खाली यावी लागेल. आता समजा, गावातल्या ८० टक्के जनावरांना नियमित लस मिळते आहे. मग विषाणूला पुढे सरकायला जनावरेच मिळत नाहीत आणि शक्यता खरोखरच तेवढी खाली येऊ शकते. अशा वेळी उरलेल्या शेतकऱ्याचा "मला लस कशाला?" हा प्रश्न त्याच्या एकट्यापुरता बिनचूक असतो. त्याच्यासारखा विचार दहा जणांनी केला की शक्यता पुन्हा वर चढते. आम्ही रक्ताचे नमुने घेतो ते यासाठीच. शुद्ध केलेल्या लशीत विषाणूच्या कवचाचाच भाग असतो. विषाणू पेशीत वाढताना जी इतर प्रथिने तयार करतो त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडली, तर त्या जनावराला लस मिळालेली असो वा नसो, विषाणू गोठ्यापर्यंत येऊन गेलेला असतो.

प्रतिपिंडे शाळेत मोजता येणार नाहीत, पण दूध मोजता येईल; किंबहुना ते रोज मोजलेच जाते. दूध संकलन केंद्रावर प्रत्येकाच्या नावे सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट आणि डिग्री लिहिलेली असते. आपल्या गावात साथ येऊन गेली असेल तर मालकांच्या संमतीने साथीपूर्वीच्या एक महिन्याच्या आणि नंतरच्या सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या मिळवाव्यात, आणि आठवड्याची सरासरी काढून आलेख काढावा. केंद्रावर गोठ्याचे एकत्र दूध लिहितात, म्हणून एक-दोनच दुभती जनावरे असलेली घरे निवडणे बरे. मध्येच एखादी गाय व्याली किंवा आटली तर त्या तारखेची नोंद वेगळी ठेवावी. दूध ऋतूप्रमाणे आणि वेताच्या दिवसांप्रमाणे आपोआपही उतरते. त्यामुळे आजारी न पडलेली, साधारण त्याच सुमारास व्यालेली एखादी गाय शोधून तिचा आलेख शेजारी काढल्याशिवाय कोणताही आकडा रोगाच्या नावावर लिहू नये.